औषध आधी, जनुक नंतर

हृदयाच्या धमनीत स्टेंट बसवलेला रुग्ण घरी जायला निघतो, तेव्हा त्याच्या चिठ्ठीवर बहुधा दोन गोळ्या असतात: ॲस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल. स्टेंटमध्ये रक्ताची गुठळी होऊ नये, हे दोन्हींचे काम. पण क्लोपिडोग्रेल पोटात जाते तेव्हा ते निष्क्रिय असते. यकृतातले सीवायपी२सी१९ नावाचे एन्झाइम त्यावर प्रक्रिया करते आणि मग कुठे त्यातून कामाचा रेणू तयार होतो. हे एन्झाइम बनवणाऱ्या जनुकाच्या दोन प्रती आपल्याला मिळतात, एक आईकडून आणि एक वडिलांकडून. दोन्ही सदोष निघाल्या तर रोजची गोळी न चुकता घेऊनही संरक्षण अपुरे राहते. युरोपीय वंशाच्या लोकांत अशी माणसे शंभरात दोन-तीन सापडतात. उत्तर आणि दक्षिण भारतात झालेल्या पाहण्यांत हेच प्रमाण दहा ते चौदाच्या घरात आहे. किमान एक सदोष प्रत असलेले लोक तर आपल्याकडे निम्म्याहून अधिक भरतात.

मग पुण्यात रोज होणाऱ्या अँजिओप्लास्टींपैकी प्रत्येकीआधी जनुकीय तपासणी करायची का? मधुमेह, फिट्स, संधिवात, क्षय, कॅन्सर अशा प्रत्येक आजाराच्या गोळीआधी करायची का? खासगी प्रयोगशाळा आता एका रक्तनमुन्यात डझनावारी औषधांचा अहवाल देऊ लागल्या आहेत, त्यामुळे हा प्रश्न सामान्य घरांतही पोहोचला आहे. गेल्या सत्तर वर्षांत जमलेला पुरावा पाहिला की एक गोष्ट स्पष्ट दिसते. आधी माणसाला 'मंद' किंवा 'जलद' ठरवून मग त्यावर सगळी औषधे बेतू लागलो तर गोंधळ होतो. उलट एकेक औषध घेऊन त्याच्यासाठी काय माहीत असायला हवे, असे विचारत गेलो तर उपयोगाची उत्तरे मिळतात.

एकच जनुक, दोन उलटे परिणाम

शरीरात शिरलेल्या औषधाचा रेणू मोडून, बदलून लघवी किंवा पित्तावाटे बाहेर टाकता येईल असा करणे, हे प्रामुख्याने यकृतातल्या एन्झाइमांचे काम. त्यांत सीवायपी कुळातली एन्झाइमे सर्वांत महत्त्वाची. जनुकांतल्या भेदांमुळे काहींची एन्झाइमे मंद असतात, काहींची मध्यम, बहुतेकांची सर्वसाधारण आणि काहींची अतिजलद.

पण मंद असणे वाईट की चांगले, हे औषधावर ठरते. पँटोप्रॅझोल ही आम्लपित्ताची गोळी घराघरांत आहे. सीवायपी२सी१९ तिला मोडते. ज्याचे हे एन्झाइम मंद, त्याच्या रक्तात पँटोप्रॅझोल जास्त वेळ टिकते आणि गोळीचा गुण उलट चांगला येतो. त्याच माणसाला क्लोपिडोग्रेल दिले तर ते पुरेसे सक्रिय होत नाही. यकृत तेच, जनुक तेच, पण एका औषधाला ते साथ देते आणि दुसऱ्याला अडवते. 'माझी पचवण्याची शक्ती कमी आहे' असे सरसकट विधान म्हणूनच निरुपयोगी ठरते.

अतिजलद असण्याचेही असेच आहे. कोडीन हे खोकल्यावर आणि वेदनेवर दिले जाणारे औषध सीवायपी२डी६ या एन्झाइममुळे शरीरात मॉर्फीनमध्ये बदलते. ज्यांचे हे एन्झाइम अतिजलद, त्यांच्या रक्तात मॉर्फीन झपाट्याने साचते. टॉन्सिलच्या शस्त्रक्रियेनंतर कोडीन दिलेली काही मुले श्वास मंदावून दगावली, म्हणून अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१३ मध्ये अशा मुलांना कोडीन देण्यास मनाई केली. प्रत्येक मुलाचे जनुक तपासा, असे त्यांनी म्हटले नाही. त्यांनी औषधच बाजूला ठेवले. हा मुद्दा पुढे पुन्हा येईल.

स्कोलिन, प्रायमाक्विन, आयसोनायाझिड

या शास्त्राचा पाया १९५० च्या दशकात घातला गेला, तो तीन औषधांच्या अनपेक्षित परिणामांवर. १९५७ मध्ये आर्नो मोटुल्स्की यांनी औषधांच्या विचित्र प्रतिक्रियांमागे आनुवंशिक कारणे असतात, हे सूत्र मांडले आणि १९५९ मध्ये फ्रीडरिख फोगेल यांनी त्या अभ्यासाला फार्माकोजेनेटिक्स हे नाव दिले. तिन्ही औषधांचा आपल्या मुलखाशी थेट संबंध आहे.

पहिले सक्सिनिलकोलिन, शस्त्रक्रियागृहातल्या बोलण्यात 'स्कोलिन'. भूल देताना श्वासनलिकेत नळी घालण्यासाठी स्नायू काही मिनिटे शिथिल करण्याचे काम ते करते. रक्तातले ब्युटिरिलकोलिनएस्टरेज हे एन्झाइम त्याला लगेच मोडते. ज्यांच्यात हे एन्झाइम जवळजवळ नसतेच, त्यांचा श्वास मिनिटांऐवजी काही तास थांबलेला राहतो आणि त्यांना व्हेंटिलेटरवर ठेवावे लागते. जगभर ही अवस्था अतिशय दुर्मीळ आहे; पण दक्षिण भारतातल्या वैश्य समाजात ती कितीतरी अधिक आढळते आणि तिच्यामागचा जनुकीय बदलही संशोधकांनी शोधून काढला आहे. या समाजाची घरे मराठवाड्यात आणि विदर्भातही आहेत. त्यामुळे 'घरात कोणाला भुलीनंतर शुद्धीवर यायला, श्वास घ्यायला फार वेळ लागला होता का?' हा प्रश्न आपल्याकडच्या भूलतज्ज्ञाने आवर्जून विचारला पाहिजे.

दुसरे प्रायमाक्विन. व्हायव्हॅक्स मलेरियाचे जंतू यकृतात दडून राहतात. ते मारून आजार उलटू नये यासाठी हे औषध चौदा दिवस दिले जाते. ज्यांच्या तांबड्या पेशींत जी-६-पीडी हे एन्झाइम कमी असते, त्यांच्या पेशी या औषधाने फुटू लागतात. लघवी काळसर होते, रक्त झपाट्याने उतरते. हे एन्झाइम औषध मोडत नाही, पेशीचे रक्षण करते. तरी परिणाम तितकाच गंभीर. कारणाचा उलगडा १९५६ मध्ये झाला आणि १९६० च्या दशकात मुंबईच्या संशोधकांनी पारशी समाजातले वाढीव प्रमाण नोंदवले. पुढे मुंबईच्या राष्ट्रीय प्रतिरक्षा-रक्तविज्ञान संस्थेने देशभरच्या अनेक जमातींत ही उणीव मोजली. भारतात सापडणाऱ्या भेदांपैकी एकाचे नाव 'केरळ-कल्याण' आहे, ते आपल्या कल्याणवरून. ज्या महाराष्ट्रात गडचिरोलीसारखा मलेरियाग्रस्त आदिवासी जिल्हा आहे, तिथे ही तपासणी चैनीची वस्तू म्हणता येणार नाही. राष्ट्रीय मार्गदर्शक सूचना लहान बाळांना, गर्भवतींना आणि जी-६-पीडीची उणीव माहीत असलेल्यांना प्रायमाक्विन देऊ नका, असे सांगतात. पण उणीव आहे हे माहीत व्हायला कोणीतरी तपासायला हवे.

तिसरे आयसोनायाझिड, क्षयावरच्या उपचाराचा कणा. एनएटी२ या जनुकाने बनवलेले एन्झाइम ते मोडते. भारतीयांत सुमारे साठ टक्के लोक ते सावकाश मोडतात. १९५६ मध्ये मद्रासमध्ये सुरू झालेल्या क्षयरोग केंद्राने पुढच्या दशकात दाखवून दिले की आठवड्यातून एकदाच औषध दिले, तर ते जलद मोडणाऱ्यांत उपचार कमी यशस्वी होतात. दुसरीकडे सावकाश मोडणाऱ्यांना हातापायांत मुंग्या येणे, नसा दुखावणे हा त्रास अधिक, आणि त्यावर बी-६ जीवनसत्त्वाची छोटी मात्रा पुरेशी. म्हणजे जनुकांमुळे उपचार बदलतात, याचा जगातला सुरुवातीचा भक्कम पुरावा भारतातल्या साध्या रुग्णांनी दिला आहे. हे शास्त्र परदेशातून आलेले नवे खूळ आहे, असे कोणी म्हणू नये.

उसने निकष का चालत नाहीत

तरीही पुढच्या काळात बहुतेक जनुकीय चाचण्या युरोपीय वंशाच्या रुग्णांवर घडल्या आणि त्यांचेच निकष जगभर गेले. त्यांतले धोके तीन औषधांत स्पष्ट दिसतात.

ॲझाथायोप्रिन घ्या. आतड्याचा दाह, संधिवाताचे काही प्रकार आणि मूत्रपिंड प्रत्यारोपण यांत ते वापरतात. काहींच्या पांढऱ्या पेशी त्यामुळे धोकादायक पातळीपर्यंत कोसळतात. पाश्चात्त्य पाठ्यपुस्तक सांगते, टीपीएमटी हे जनुक तपासा. पण टीपीएमटीचे सदोष भेद भारतीयांत कमी आहेत. २०१४ मध्ये कोरियन रुग्णांच्या अभ्यासातून एनयूडीटी१५ हे दुसरेच जनुक पुढे आले. त्यानंतर हैदराबादच्या एशियन इन्स्टिट्यूट ऑफ गॅस्ट्रोएन्टरॉलॉजीमध्ये आतड्याच्या दाहाच्या १,०१४ भारतीय रुग्णांचा पाठपुरावा झाला. पांढऱ्या पेशी कोणाच्या उतरतील हे टीपीएमटीपेक्षा एनयूडीटी१५ अधिक चांगले सांगते, असे त्यात दिसले. फक्त टीपीएमटी तपासून 'सर्व ठीक' असा शेरा मिळालेला रुग्ण निर्धास्त राहतो आणि धोका तसाच उरतो. चुकीची तपासणी ही तपासणी न करण्यापेक्षा वाईट ठरू शकते, ती अशी.

फाइव्ह-एफयू आणि कॅपेसिटाबिन या कॅन्सरच्या औषधांचेही तसेच. युरोपच्या औषध संस्थेने २०२० मध्ये ही औषधे देण्यापूर्वी ती मोडणाऱ्या डीपीडी एन्झाइमची उणीव तपासण्याची शिफारस केली. तिथे प्रमाण मानलेले चार जनुकीय भेद भारतीयांत फारच क्वचित सापडतात. तरीही या औषधांनी तोंड सोलवटणे, तीव्र जुलाब होणे, पेशी कोसळणे आपल्याकडेही होते. आपल्या लोकांतले भेद शोधल्याशिवाय युरोपचा संच इथे विकत आणून भागणार नाही.

'आशियाई' हा शिक्काही फसवा आहे. रक्त पातळ करणाऱ्या वॉरफरिनची मात्रा ठरवणाऱ्या व्हीकेओआरसी१ या जनुकाचा, मात्रा कमी लागणारा भेद चिनी-जपानी लोकांत बहुसंख्यांकडे असतो. भारतीयांत तो युरोपीयांपेक्षाही कमी आढळतो. म्हणून 'आशियाई रुग्णाला मात्रा कमी' हा नियम पुण्यातल्या रुग्णाला लावला, तर झडप बदललेल्या माणसाला गुठळीचा धोका राहू शकतो. त्यातच आपल्याकडे वॉरफरिनऐवजी एसिनोकौमॅरॉल भरपूर वापरले जाते, आणि परदेशी मात्रासूत्रे बहुतांशी वॉरफरिनवर बेतलेली आहेत.

फिट्सवरच्या कार्बामाझेपिनमध्ये मात्र शेजाऱ्यांचे निष्कर्ष आपल्याला लागू पडले. त्वचा भाजल्यासारखी सोलून निघते अशी जीवघेणी प्रतिक्रिया एचएलए-बी*१५:०२ या भेदाशी जोडलेली असल्याचे २००४ मध्ये तैवानमध्ये आढळले. इथे प्रश्न औषध मोडण्याचा नसून प्रतिकारयंत्रणा ते औषध कसे ओळखते याचा आहे. अहमदाबादच्या संशोधकांनी २००९ मध्ये अशा आठ भारतीय रुग्णांची तपासणी प्रसिद्ध केली. आठांपैकी सहांत तोच भेद निघाला. संख्या लहान, पण इशारा मोठा. तैवानमध्ये पुढे ४,८७७ जणांची आधी तपासणी करून भेद असलेल्यांना हे औषध टाळले गेले, तेव्हा ही भयंकर प्रतिक्रिया एकालाही झाली नाही. भारतात या भेदाचे प्रमाण समाजागणिक बदलते, म्हणून एका शहराचा आकडा दुसऱ्याला लावता येत नाही.

मुंबईच्या केईएम रुग्णालयातल्या क्लिनिकल फार्माकॉलॉजी विभागाने २०१२ मध्ये फेनिटॉइन या फिट्सच्या जुन्या, स्वस्त औषधाचा विषारी परिणाम आणि सीवायपी२सी९ यांचा संबंध भारतीय रुग्णांत दाखवला. फेनिटॉइनची मात्रा थोडी वाढवली तरी रक्तातली पातळी एकदम उसळते. एन्झाइम मंद असेल तर आणखीच. अशा घरच्या अभ्यासांचे मोल त्यांच्या आकारापेक्षा मोठे आहे, कारण ते ज्यांच्यावर वापरायचे त्यांच्यावरच झाले आहेत.

पुण्याने विचारलेला प्रश्न

या साऱ्यात पुण्याने एक वेगळाच प्रश्न विचारला. आयुर्वेद माणसांची वात, पित्त, कफ अशा प्रकृतींत वर्गवारी करतो आणि औषध, मात्रा, पथ्य प्रकृती पाहून ठरवतो. ही वर्गवारी आणि आधुनिक जनुकीय भेद यांत काही मेळ आहे का? पुणे विद्यापीठात भूषण पटवर्धन यांनी या दिशेला 'आयुजिनॉमिक्स' असे नाव देऊन ती पुढे नेली. २००५ मध्ये पटवर्धन, कल्पना जोशी आणि पुण्याच्या सेंटर फॉर ऱ्हुमॅटिक डिसीजेसचे डॉ. अरविंद चोपडा यांनी प्रकृती आणि एचएलए जनुकांतला संबंध मांडला. त्यानंतर योगिता घोडके, कल्पना जोशी आणि पटवर्धन यांनी थेट सीवायपी२सी१९ कडे मोर्चा वळवला.

२००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात १३२ निरोगी माणसांची प्रकृती ठरवली गेली आणि त्यांच्या जनुकाची तपासणी झाली. पित्त प्रकृतीच्या ९१ टक्के लोकांत एन्झाइम चांगले चालणारी जनुकरचना आढळली. मंद रचनेचे प्रमाण कफ प्रकृतीत सर्वाधिक, ३१ टक्के. वात आणि पित्त प्रकृतींत ते बरेच कमी. पित्ताचा अग्नी तीक्ष्ण आणि कफाचा मंद, या पारंपरिक समजुतीशी ते जुळणारे होते. जगभरच्या जनुकशास्त्रज्ञांना आणि वैद्यांना एकाच टेबलावर बसवणारे हे काम होते आणि पुण्याने त्याचा अभिमान बाळगायला हरकत नाही.

अभिमानासोबत जबाबदारीही येते. १३२ माणसे तीन गटांत विभागली की प्रत्येक गट लहान होतो, आणि लहान गटात टक्केवारी सहज वरखाली होते. या अभ्यासात जनुकरचना पाहिली. औषध देऊन रक्तातली पातळी मोजली नव्हती. शिवाय प्रकृती ठरवणारा वैद्य बदलला तर निष्कर्ष तोच येतो का, हे तपासणे या क्षेत्रातले अवघड काम आहे. २०१५ मध्ये हैदराबादच्या सीसीएमबी या संशोधन संस्थेसोबत पटवर्धनांनी आणखी मोठा प्रयत्न केला: ३,४१६ लोकांमधून एकच प्रकृती ठळक असलेले २६२ पुरुष निवडून त्यांची संपूर्ण जनुकभर तपासणी झाली. त्यात पित्ताशी ठळकपणे जोडले गेलेले जनुक पीजीएम१ होते, सीवायपी२सी१९ नव्हे. दिल्लीत मिताली मुखर्जी आणि भावना प्रशेर यांच्या गटाने वेगळ्या जनुकांवर काम केले आहे.

या सगळ्याचा सरळ अर्थ असा: प्रकृती पाहून आज कोणीही क्लोपिडोग्रेलची निवड करू नये. कफ प्रकृतीच्या दहांपैकी सात जण त्या अभ्यासातही मंद नव्हते, आणि पित्त प्रकृतीतले काही मंद होते. समोर बसलेला त्यांपैकी कोण, हे प्रकृती सांगत नाही. पण संशोधनाचा प्रश्न म्हणून ही वाट बंद करू नये. औषध देऊन, रक्तातली पातळी मोजून, एकमेकांचे निकाल माहीत नसलेल्या अनेक वैद्यांकडून प्रकृती ठरवून हा अभ्यास हजारोंवर करावा. आयुर्वेद महाविद्यालये, औषधनिर्माण महाविद्यालये, विद्यापीठ आणि ससून रुग्णालय एकाच शहरात असलेली पुण्यासारखी जागा त्यासाठी सहज सापडणार नाही.

याच पुणेकर गटाचे दुसरे काम कमी गाजले, पण रुग्णाच्या अधिक जवळचे आहे. ऱ्हुमॅटॉइड संधिवातात आठवड्यातून एकदा दिले जाणारे मेथोट्रेक्सेट काहींना चांगले लागू पडते, काहींना त्याने मळमळ होते किंवा यकृताला त्रास होतो. घोडके, चोपडा, जोशी आणि पटवर्धन यांनी २००८ मध्ये फोलेटशी संबंधित जनुकांचा आणि या फरकाचा संबंध पुण्यातल्या रुग्णांत तपासला. इथे प्रश्न औषधापासून सुरू होतो: हे औषध, हे रुग्ण, हा त्रास. पुढची वाट अशीच असायला हवी.

तपासायचे की औषध बदलायचे?

जनुकीय भेद सापडला म्हणजे तपासणी आलीच, असे नाही. आपल्या आरोग्यसेवेतली दोन मोठी उदाहरणे याच्या उलट सांगतात.

आयसोनायाझिड जलद मोडणाऱ्यांचा प्रश्न आठवड्यातून एकदाच्या उपचारात होता. औषध अधिक वेळा देताच तो बराचसा विरला, आणि २०१७ पासून भारताच्या क्षय कार्यक्रमाने रोजच्या मात्रेची पद्धत देशभर स्वीकारली. लाखो लोकांची एनएटी२ चाचणी करण्याऐवजी वेळापत्रक बदलले. मुलांच्या शरीरात औषध पुरेसे पोहोचते का, हा प्रश्न अजून उरतो. पुण्यात बै. जी. वैद्यकीय महाविद्यालयातल्या संशोधकांनी क्षयग्रस्त मुलांच्या केसांतले आयसोनायाझिड मोजून त्याचा वेध घेण्याचा प्रयत्न केला आहे.

एचआयव्हीवरच्या एफाव्हिरेंझचे उदाहरण आणखी बोलके आहे. चेन्नईच्या अभ्यासात, सीवायपी२बी६ जनुकाचा एक भेद असलेल्यांच्या रक्तात या औषधाची पातळी बरीच चढते असे दिसले. सोबत क्षयावरचे रिफॅम्पिसिन दिले, तरी त्यापेक्षा जनुकाचाच प्रभाव जास्त होता. चक्कर, भयानक स्वप्ने, अस्वस्थता हे त्रास त्या वाढलेल्या पातळीतून येत. पण पुढे राष्ट्रीय कार्यक्रमात एफाव्हिरेंझची जागा डोलुटेग्राव्हिरने घेतली, आणि बहुतेक रुग्णांसाठी सीवायपी२बी६ चा प्रश्न व्यवहारात संपला.

जिथे तितकेच चांगले आणि परवडणारे दुसरे औषध आहे, तिथे औषध बदलावे. जिथे मात्रा किंवा वेळापत्रक बदलून सर्वांचे भागते, तिथे तेच करावे. जिथे औषध स्वस्त आणि अपरिहार्य आहे, काहींना ते घातक आहे आणि ते कोण हे चाचणीतून कळते, तिथे चाचणी करावी. कार्बामाझेपिन, ॲझाथायोप्रिन, प्रायमाक्विन ही या तिसऱ्या गटाची ठळक उदाहरणे आहेत.

क्लोपिडोग्रेलचा वाद

क्लोपिडोग्रेल या गटांच्या सीमेवर उभे आहे, म्हणून त्यावर जगभर मतभेद आहेत. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१० मध्ये त्याच्या माहितीपत्रकावर मंद एन्झाइम असलेल्यांसाठी चौकटीतला सर्वांत कडक इशारा छापायला लावला. चीनमध्ये ६,४१२ रुग्णांवर झालेल्या आणि २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत सौम्य पक्षाघात किंवा तात्पुरता झटका आलेले आणि सदोष प्रत असलेलेच रुग्ण घेतले होते. त्यांच्यात टिकाग्रेलॉर या पर्यायी औषधाने पुढचे झटके क्लोपिडोग्रेलपेक्षा कमी झाले. ब्रिटनच्या नाइस या संस्थेने २०२४ मध्ये पक्षाघातानंतर क्लोपिडोग्रेल देण्याआधी जनुक तपासण्याची शिफारस केली. त्याच वर्षी हवाई राज्याच्या न्यायालयाने या औषधाच्या दोन उत्पादक कंपन्यांना ९१ कोटी डॉलरहून अधिक दंड ठोठावला. स्थानिक पॅसिफिक व पूर्व आशियाई वंशाच्या अनेकांना गोळी नीट लागू पडत नाही हे पुरेसे सांगितले नाही, हा ठपका होता.

मग सगळ्यांनाच टिकाग्रेलॉर का देऊ नये? त्याच्या जेनेरिक गोळ्या आपल्याकडे मिळतात. पण ते दिवसातून दोनदा घ्यावे लागते, त्याने काहींना धाप लागते आणि रक्तस्रावाचा धोका वाढतो. वयस्कर, किरकोळ शरीराच्या रुग्णात तो धोका लहान नसतो. म्हणून माझ्या मते आपल्याकडे दोन ठिकाणी चाचणीला स्पष्ट जागा आहे: अवघड जागी स्टेंट बसलेला किंवा स्टेंटमध्ये पुन्हा गुठळी झालेला रुग्ण, आणि पक्षाघातानंतर दीर्घकाळ क्लोपिडोग्रेलवर ठेवायचा रुग्ण. मंद एन्झाइमचे प्रमाण जिथे युरोपच्या चौपट, त्या देशात ही चर्चा युरोपनंतर व्हावी, हे आपल्याला शोभत नाही.

जनुकापलीकडचे

जनुक हे अनेक कारणांपैकी एक आहे. रिफॅम्पिसिन यकृताची एन्झाइमे इतकी चेतवते की गर्भनिरोधक गोळ्या आणि रक्त पातळ करणारी औषधे अपुरी पडतात. आम्लपित्तावरचे ओमेप्रॅझोल सीवायपी२सी१९ ला अडवते. त्यामुळे जनुके निर्दोष असूनही क्लोपिडोग्रेल कमी सक्रिय होऊ शकते. वय, मूत्रपिंडाची ताकद, यकृताचा आजार, गर्भारपण, कुपोषण यांचाही हात असतो. आणि गोळी परवडत नाही म्हणून दिवसाआड घेणारा रुग्ण जगातल्या कोणत्याही जनुकीय चाचणीत दिसत नाही.

तरीही योग्य चाचणीचा एकूण फायदा मोजता येतो. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या युरोपीय अभ्यासात सात देशांतल्या ६,९४४ रुग्णांच्या बारा जनुकांचा संच वापरला गेला. ज्यांच्या जनुकांनुसार उपचार बदलणे गरजेचे होते, त्यांच्यात औषधांचे त्रासदायक परिणाम सुमारे ३० टक्क्यांनी घटले. मात्र तो संच युरोपच्या लोकांतून निवडलेला होता. आपल्याकडे तसे करायचे तर आपल्या जनुकांचा नकाशा हवा, आणि तो आता आकाराला येतो आहे. जिनोमइंडिया प्रकल्पात देशातल्या ८३ समाजगटांतल्या सुमारे दहा हजार लोकांचे संपूर्ण जनुकवाचन झाले, आणि जानेवारी २०२५ मध्ये ही माहिती संशोधकांसाठी खुली करण्यात आली. आता त्या माहितीला औषधांच्या प्रत्यक्ष परिणामांची जोड हवी.

पुण्यात काय करता येईल

पहिले काम पैशाविना होणारे आहे. औषधाची गंभीर प्रतिक्रिया आली की औषधाचे नाव, मात्रा, दिवस आणि लक्षण रुग्णाच्या फाइलवर ठळक लिहावे आणि तो कागद रुग्णाच्या हातात द्यावा. 'मला कुठलीतरी पांढरी गोळी मानवली नाही' एवढ्यावर पुढच्या डॉक्टरला काही करता येत नाही. २०१० पासून देशात औषधसुरक्षा देखरेख कार्यक्रम चालू आहे. वैद्यकीय महाविद्यालयांत त्याची केंद्रे आहेत आणि १८००-१८०-३०२४ या टोल-फ्री क्रमांकावर रुग्ण स्वतःही तक्रार नोंदवू शकतो. या नोंदीच आपल्याला सांगतील की कोणत्या औषधाच्या जनुकामागे आधी लागायचे.

दुसरे, सरकारी रुग्णालयात मोजक्या चाचण्या मोफत असाव्यात: प्रायमाक्विनआधी जी-६-पीडी, ॲझाथायोप्रिन व त्याच कुळातल्या ६-मर्कॅप्टोप्युरिनआधी एनयूडीटी१५, आणि कार्बामाझेपिनआधी एचएलए-बी*१५:०२. यांतली प्रत्येक चाचणी जन्मात एकदाच करावी लागते आणि निकाल मिळताच डॉक्टरचा निर्णय बदलतो. शंभर औषधांचा रंगीत अहवाल घरी नेण्यापेक्षा या तीन ओळी फाइलवर असणे अधिक मोलाचे.

तिसरे, अहवाल देणाऱ्या प्रयोगशाळेने कोणते भेद तपासले आणि कोणते तपासलेच नाहीत, हे लिहून दिले पाहिजे. आपल्यातले महत्त्वाचे भेद संचात नसतील तर 'सामान्य' हा शब्द फसवणूक ठरतो.

चौथे, समाज किंवा जात हा प्रश्न विचारण्याचा संकेत असावा, उत्तर मात्र नसावे. वैश्य कुटुंबात भुलीची चौकशी करणे योग्य आहे, पण तेवढ्यावरून कोणाला धोका आहे किंवा नाही असे ठरवणे चूक आहे. वैयक्तिक माहिती विमा किंवा नोकरीत अडथळा बनू नये, यासाठी कायद्याचे स्पष्ट संरक्षणही लागेल.

मद्रासच्या क्षयरुग्णांनी, मुंबईच्या पारशी कुटुंबांनी, अहमदाबादच्या आठ रुग्णांनी आणि पुण्याच्या १३२ निरोगी माणसांनी या शास्त्राला आपापला पुरावा दिला आहे. आता त्या पुराव्याने रुग्णाच्या चिठ्ठीत बदल घडवला पाहिजे. डॉक्टर एखादे औषध लिहितो तेव्हा 'या औषधाने काहींचे नुकसान होते. ते कोण हे आधी कळू शकते का, आणि कळले तर मी काय वेगळे करीन?' हे दोन प्रश्न त्याने विचारावेत. दोन्हींची उत्तरे 'हो' आणि 'हे' अशी ठाम मिळत असतील, तर चाचणी न करणे हा निष्काळजीपणा आहे. तशी मिळत नसतील, तर चाचणीचे पैसे रुग्णाच्या खिशातच राहू द्यावेत.